फी माफ होते ताई, पण कॅपमधून गेलं तरच

पत्र हिंगोली जिल्ह्यातल्या एका आईचं आहे. थोडं कमी करून देतेय, नावगाव काढलंय.

"ताई, नमस्कार. माझी मुलगी यंदा बारावी सायन्सला ७१ टक्के घेऊन पास झाली, सीईटीला ८२ पर्सेंटाइल पडले. तिला कॉम्प्युटर नाहीतर इलेक्ट्रॉनिक्स करायचंय. आम्हाला अडीच एकर कोरडवाहू आहे, सोयाबीन न तूर, आणि मी शाळेत खिचडी शिजवते. आम्ही ओबीसीत येतो, जातीचा दाखला आहे, व्हॅलिडिटी केली नाही. मुलींची फी माफ आहे असं ऐकलं पण मालक म्हणतात या सरकारी योजना कागदावरच असतात. एक माणूस घरी येऊन गेला, म्हणाला मॅनेजमेंटची सीट पक्की करून देतो, आत्ता ५० हजार द्या, फी नंतर स्कॉलरशिपमधून माफ होईल, पावती मात्र मिळणार नाही. मी कानातलं मोडायला तयार आहे. दीर मागे ग्रामपंचायतीला निवडून आले होते ओबीसीच्या जागेवर, त्यांचं घरात ऐकतात, ते म्हणतात पोरीला इथंच बीए करू द्या. फी खरंच माफ होते का? आणि एकूण किती खर्च येईल ते खरं खरं सांगा."

ताई, सगळ्यात आधी कानातलं कानात राहू द्या आणि त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. दिला असेल तर आजच परत मागा, आणि मुलीची मूळ मार्कशीट किंवा टीसी त्याच्याकडे असेल तर ती पैशाच्याही आधी मागा. असं का म्हणतेय ते नीट सांगते, कारण हे कळलं की निम्मं कोडं सुटतं.

महाराष्ट्र सरकारचा शासन निर्णय आहे ८ जुलै २०२४ चा, त्यात म्हटलंय की ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या ज्या मुलींच्या घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे त्यांचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के सरकार भरणार. त्याआधी ५० टक्केच होतं. इंजिनिअरिंग त्यात आहे, पॉलिटेक्निकही आहे, सरकारी कॉलेज आहे आणि खाजगी विनाअनुदानितसुद्धा आहे. पण एक अट अशी आहे की ती चुकली की सगळंच गेलं, ती म्हणजे प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, ज्याला आपण कॅप राउंड म्हणतो, त्यातूनच झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोटा, इन्स्टिट्यूट लेव्हल, काही नाव द्या, तिथून आत गेलेल्या मुलीला ही माफी नाही. खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यांनाही ती लागू नाही, आणि हल्ली कॉलेजच्या नावातच युनिव्हर्सिटी लावलेलं असतं त्यामुळे हे आधी बघून घ्या.

म्हणजे तो माणूस तुम्हाला जी सीट विकतोय ती घेतली की माफी संपली, तुम्ही ५० हजार देऊन तुमच्या मुलीचा चार वर्षांचा हक्क घालवणार आणि वर दरवर्षी पूर्ण फी भरणार, जी खाजगी कॉलेजात लाखाच्या घरात जाते. शिवाय असे पावतीशिवायचे पैसे घ्यायला महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. हे मी रागाने लिहितेय कारण मी अकरा वर्षं एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या स्टुडंट सेक्शनला खिडकीवर बसलेय, आणि दर ऑगस्टला एक तरी बाप यायचा, धोतराच्या सोग्यात नाहीतर प्लास्टिकच्या पिशवीत कागद, म्हणायचा "मॅडम ते स्कॉलरशिपचं बघा की", आणि मी यादीत नाव बघायचे तर पुढे लिहिलेलं असायचं आय एल, म्हणजे इन्स्टिट्यूट लेव्हल. त्या माणसाला काय सांगायचं? मी काउंटरच्या या बाजूला होते म्हणून मलाच सांगावं लागायचं.

आता मालकांच्या बोलण्याबद्दल. ते अगदीच चुकीचं बोलत नाहीत ताई. योजना खरी आहे, मुली तिच्यावर शिकतायत, पण पैसा उशिरा येतो, पोर्टल अडतं, कागद परत येतात, आणि योजनेत फी येते, बाकीचं जगणं येत नाही. हे त्यांना मोकळेपणाने सांगा, "तुमचं खरं आहे, वेळ लागतो, म्हणून आपण आधीपासून तयारी करू". माणसाला त्याचं बरोबर असलेलं बरोबर म्हटलं की पुढचं तो ऐकतो.

तयारीत पहिला नंबर व्हॅलिडिटीचा. इथेच सगळ्यात जास्त मुली अडकतात आणि तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटली. ओबीसीतून कॅपला बसायचं तर तीन गोष्टी लागतात, जातीचा दाखला, जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र, म्हणजेच व्हॅलिडिटी, आणि नॉन क्रीमी लेयर, म्हणजे घर ओबीसीतल्या सधन गटात येत नाही याचा दाखला. दाखला आहे. व्हॅलिडिटीचा अर्ज जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडे ऑनलाइन करायचा असतो, बारावीच्या कॉलेजकडून शिक्का आणि पत्र लागतं, आणि पुरावा लागतो १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, कारण ओबीसीसाठी तीच तारीख मानतात. म्हणजे मुलीच्या आजोबांचा, पणजोबांचा शाळेतला प्रवेश निर्गम उतारा, नाहीतर महसुली जुनी नोंद, ज्यात जात लिहिलीय. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर चुलत आजोबा बघा, गावातल्या जिल्हा परिषद शाळेत जुनं रजिस्टर असतं, हेडमास्तरांना विनंती केली की ते काढून देतात, फार जीर्ण झालं असेल तर जपून उलटा.

पण थांबा. तुम्ही लिहिलंय की दीर ओबीसीच्या जागेवर निवडून आले होते. मग त्यांच्याकडे व्हॅलिडिटी असणारच! राखीव जागेवर निवडून आलेल्याला वैधता प्रमाणपत्र द्यावंच लागतं, नाहीतर पद जातं. आणि वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची व्हॅलिडिटी असली की मुलीचं काम खूपच सोपं होतं, वंशावळीचं शपथपत्र आणि त्यांच्या प्रमाणपत्राची कॉपी जोडायची. म्हणजे ज्या दिरांचा विरोध आहे त्यांच्याच कपाटात तुमच्या मुलीचा सगळ्यात महत्त्वाचा कागद पडलाय. तुम्ही स्वतः जाऊ नका, मुलीला पाठवा, "काका, तुमची व्हॅलिडिटी लागतेय माझ्या ॲडमिशनला, आणि समितीच्या ऑफिसला माझ्याबरोबर चला ना" असं तिनेच म्हणू द्या. मी असे काका पाहिलेत, सुरुवातीला नको नको म्हणणारे, एकदा पोरीबरोबर ऑफिसच्या बाकावर चार तास बसले की तेच क्लार्कशी भांडायला उभे राहतात.

नॉन क्रीमी लेयर तुमच्या बाबतीत अडचणीचं नाही, शेतीचं आणि पगाराचं उत्पन्न त्यात धरत नाहीत, पण तीन वर्षांचं उत्पन्न प्रमाणपत्र जोडावं लागतं तहसीलदारांचं, त्यासाठी तलाठ्यांचा अहवाल, आता त्यांचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय पण गावात तलाठीच म्हणतात. हे सगळं सेतूवर होतं, आपले सरकार केंद्रावर. दोनतीन आठवडे धरा. प्रमाणपत्र चालू शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं पाहिजे, जुनं काढलेलं असेल तर तारीख बघा, मुली सरळ जुनं अपलोड करतात आणि मग यादीत ओपनमध्ये दिसतात. कागद हातात नसेल तर अर्जाची पावती जोडून फॉर्म भरता येतो, पण दिलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र दिलं नाही की ओपनमध्ये टाकतात, म्हणून पावतीवर निवांत बसू नका. उत्पन्नाचा दाखला वेगळा, डोमिसाइल वेगळं. सगळ्याची झेरॉक्स काढा चार चार, आणि मोबाईलवर फोटो न काढता सेतूवरच नीट स्कॅन करून पेन ड्राइव्हमध्ये घ्या.

स्कॅनवर एवढा जोर का देतेय ते सांगते. एक मुलगी होती जिंतूरकडची, हुशार, दुसऱ्या वर्षाला. तिचा महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलवरचा अर्ज कॉलेज लेव्हलवरून परत पाठवला होता, स्क्रीनवर नुसतं "सेंट बॅक" दिसत होतं आणि तिला वाटत होतं पुढे पाठवलाय. महिनाभर ती आपली निवांत. मी सहज यादी चाळत होते म्हणून दिसलं, मुदत संपायला दोन दिवस. तिला बोलावलं, ती वर्कशॉपमधूनच आली, हाताला ग्रीस, कारण काय तर उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो तिने संध्याकाळी अंगणात काढला होता आणि तहसीलदारांच्या सहीवर तिच्या बोटाची सावली पडली होती. एका सावलीपायी वर्षाची माफी जाणार होती. आम्ही दाखला परत स्कॅन केला, अर्ज पुन्हा सबमिट केला, झालं. पण प्रत्येक कॉलेजात यादी चाळणारं कुणी असतंच असं नाही, आणि आमच्याच ऑफिसात याआधी असे अर्ज पडून राहून मुलींचं नुकसान झालेलं आहे, ते मला अजून टोचतं. म्हणून तुमच्या मुलीला सांगा, फॉर्म भरला म्हणजे काम झालं असं समजायचं नाही, दर आठवड्याला एकदा लॉगिन करून स्टेटस बघायचं, अर्ज कुणाच्या टेबलावर आहे ते तिथे दिसतं.

महाडीबीटीवर अजून एक चूक फार होते. तिथे विभागवार योजना आहेत. तंत्रशिक्षण संचालनालयाखाली राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, ती नाव ओळखीचं म्हणून सगळे उघडतात, पण तुमची मुलगी ओबीसी आहे, तिची योजना इतर मागास बहुजन कल्याण विभागाखाली आहे, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची. तिथेच भरायचं. आणि हा अर्ज दरवर्षी नव्याने रिन्यू करावा लागतो, एकदा भरला की चार वर्षं चालतो असं नाहीये.

बँक खात्याचं आत्ताच बघा. खातं मुलीच्या स्वतःच्या नावाचं पाहिजे आणि आधारशी जोडलेलं, नुसतं केवायसीला आधार दिलेलं चालत नाही, बँकेत जाऊन डीबीटीसाठी आधार सीडिंगचा फॉर्म भरायचा. सरकारचा पैसा आधारला शेवटचं जे खातं जोडलंय तिथे जातो. आमच्याकडे एका मुलीची रक्कम आलीच नाही असं सहा महिने चाललं होतं, शेवटी कळलं की तिने मोबाईलचं सिम घेतलं तेव्हा अंगठा देताना तिच्या नकळत एक खातं उघडलं गेलं होतं आणि पैसे तिथे जाऊन बसले होते. आधारच्या साइटवर कुठलं खातं जोडलंय ते दिसतं, दोन मिनिटांचं काम आहे, ते आजच करा.

आता कॅपचा फॉर्म. त्यात तीनशेपर्यंत पर्याय टाकता येतात पण पहिल्या दहाचा विचार तीनशेच्या हिशोबाने करू नका. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर तो घ्यावाच लागतो, म्हणून पहिल्या नंबरला खरोखर जिथे जायचंय तेच. ८२ पर्सेंटाइलला मोठ्या सरकारी कॉलेजात कॉम्प्युटर अवघड आहे, हे मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. पण ओबीसी आहे, त्यात मुलींसाठी ३० टक्के जागा आहेत, त्यामुळे टाकायला काहीच जात नाही. नांदेडचं श्री गुरु गोविंदसिंहजी कॉलेज तुमच्या जवळ आहे, संभाजीनगर, अमरावती, यवतमाळला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, तिथली इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशन असं वर टाका, त्याखाली नांदेड आणि संभाजीनगरची चांगली खाजगी कॉलेजं. कॉम्प्युटरच पाहिजे म्हणून कुठल्याही चार खोल्यांच्या कॉलेजात जाण्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक्स चांगल्या ठिकाणी केलेलं मला तरी जास्त बरं वाटतं, इलेक्ट्रॉनिक्सची पोरं सॉफ्टवेअरमध्येही जातात आणि चिपच्या, मशीनच्या कामातही जातात. मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या साइटवर पीडीएफमध्ये आहेत, मुलीला सांगा वही घेऊन बस आणि तुझ्या कॅटेगरीच्या रकान्यातला आकडा लिहून काढ, ज्याला एल ओबीसी लिहिलेलं असतं, तो एल म्हणजे लेडीज.

पर्यायांच्या यादीत काही कोड दिसतील शेवटी टी असलेले. ती टीएफडब्ल्यूएस, ट्यूशन फी वेव्हर स्कीम, एआयसीटीईची म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, प्रत्येक कोर्सला ५ टक्के जादा जागा, उत्पन्न ८ लाखांच्या आत. तुमच्या मुलीला तशीही फी माफ आहे, त्यामुळे तिने या कोडच्या मागे लागायची गरज नाही, तिथे मेरिट जास्त लागतं. पण शेजारीपाजारी कुणाचा मुलगा असेल तर त्याला जरूर सांगा, कारण ओबीसी मुलाला निम्मीच फी माफ आहे आणि टीएफडब्ल्यूएसमध्ये पूर्ण शिक्षण शुल्क जातं.

मुलीच्या नावाचं लॉगिन, पासवर्ड, ओटीपी कुणाकडेच द्यायचं नाही, कॅफेवाल्याकडेही नाही. फॉर्म तिनेच भरायचा. अडलं तर सुविधा केंद्र असतं, तिथे विचारायचं. सीट लागली की एक हजार रुपये सीट ॲक्सेप्टन्स फी ऑनलाइन भरायची, ती विसरली की सीट जाते, एवढ्या छोट्या रकमेपायी घालवलेल्या जागा मी पाहिल्यात.

आता तुम्ही विचारलेला खरा प्रश्न, खर्च किती. माफी शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची आहे. खाजगी कॉलेजात त्याशिवाय डेव्हलपमेंट फी असते, ती शिक्षण शुल्काच्या काही टक्के, ती तुम्हाला भरावी लागेल, शिवाय लायब्ररी डिपॉझिट, विद्यापीठाचे किरकोळ. प्रत्येक कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर असते, शिक्षण शुल्क किती आणि डेव्हलपमेंट किती वेगवेगळं दिलेलं असतं, ते बघूनच पर्याय टाका आणि ॲडमिशनला जाताना तो कागद काढून न्या. कॉलेजने "आधी सगळी फी भरा, स्कॉलरशिप आल्यावर परत देऊ" म्हटलं तर नम्रपणे ८ जुलैचा शासन निर्णय दाखवा, कॅपमधून आलेल्या पात्र मुलीकडून शिक्षण शुल्क घ्यायचं नाही असं सरकारने कॉलेजांना बजावलंय, तरी नाही ऐकलं तर तंत्रशिक्षणच्या विभागीय सहसंचालकांकडे लेखी द्या. सरकारी कॉलेजात हा प्रश्न फारसा येत नाही, म्हणून सरकारी वर टाका म्हणतेय.

पण ताई, घर मोडतं ते राहण्याखाण्याने. खोली, मेस, जाणंयेणं, हे महिन्याचं महिन्याला रोख लागतं आणि ते कुठल्या पोर्टलवरून वेळेवर येत नाही. माझ्या खिडकीवर कॉलेज सोडायचा अर्ज घेऊन ज्या मुली आल्या त्यांच्यातल्या फारच थोड्या फीपायी आल्या होत्या, बहुतेक मेसचे दोन महिने थकले म्हणून आल्या, नाहीतर घरमालकाने खोली खाली करायला सांगितली म्हणून. शाहू महाराजांना हे सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं होतं, म्हणून त्यांनी कोल्हापुरात १९०१ ला मराठा बोर्डिंग काढलं आणि मग जातीजातीच्या पोरांसाठी एकेक बोर्डिंग उभं केलं. पोरगं शहरात आलं तर झोपेल कुठे, खाईल काय, हे आधी. कर्मवीरांनीही तेच केलं. म्हणून तुम्ही फीच्या आधी बोर्डिंगचा विचार करा, ॲडमिशन झाल्यावर नाही, आत्ताच.

पहिलं, कॉलेजचं स्वतःचं मुलींचं हॉस्टेल, सरकारी कॉलेजात ते स्वस्त असतं, ॲडमिशनच्याच दिवशी अर्ज द्या, त्याच दिवशी. दुसरं, सरकारने ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी मुलामुलींसाठी प्रत्येक जिल्ह्यात दोन वसतिगृहं सुरू केलीत, एक मुलींचं, एक मुलांचं, राज्यात ७२, बरीच भाड्याच्या इमारतीत आहेत पण राहणं आणि जेवण होतं. तिथे नंबर नाही लागला तर तिसरं, ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, त्यात वसतिगृह न मिळालेल्या मुलांना भोजन, निवास आणि निर्वाह भत्ता थेट खात्यावर येतो, मुंबई पुणे नागपूरसारख्या ठिकाणी वर्षाला ६० हजार, इतर महानगरपालिकेच्या शहरात ५१ हजार, जिल्ह्याच्या गावी ४३ हजार, तालुक्याला ३८ हजार. नांदेड, संभाजीनगर महानगरपालिका आहेत म्हणजे ५१. उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं, कॉलेज ज्या शहरात तिथले रहिवासी नसावं लागतं, आणि जिल्ह्याला ६०० मुलांचीच मर्यादा आहे, त्यामुळे जाहिरात आली की लगेच. अर्ज इतर मागास बहुजन कल्याणच्या सहायक संचालकांच्या ऑफिसात, बऱ्याच जिल्ह्यांत ते सामाजिक न्याय भवनातच आहे. मात्र हा पैसा हप्त्याने आणि उशिरा येतो, पहिल्या महिन्याची मेस त्यावर धरू नका.

म्हणून माझा हिशोब असा की पहिल्या चारपाच महिन्यांचं राहणंखाणं तुमच्या हातात रोख पाहिजे. यंदाच्या सोयाबीनचे पैसे येतील तोपर्यंत दिवाळी होईल, तेवढी पोकळी भरायचीय. बचत गटात असाल तर तिथून घ्या, सावकाराकडून नको, आणि कानातलं ठेवायचंच झालं तर मोडू नका, सहकारी पतसंस्थेत नाहीतर बँकेत तारण ठेवा, सोडवता येतं. लॅपटॉप पहिल्या वर्षी घेऊ नका, दुकानदार काहीही सांगू दे, कॉलेजच्या लॅबमध्ये भागतं. एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे तेही हिशोबात धरा.

प्रगती नावाची एक शिष्यवृत्ती आहे एआयसीटीईची, फक्त मुलींसाठी, पहिल्या वर्षाच्या, वर्षाला ५० हजार, उत्पन्न ८ लाखांच्या आत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. केंद्राच्या नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज करायचा, निवड मेरिटवर. पण ती आणि राज्याची सवलत एकत्र घेण्यावर अटी आहेत, दोन्ही भरून मग एक नाकारलं जाऊन दोन्ही अडकण्यापेक्षा कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागात आधी लेखी विचारा आणि तुमच्या दृष्टीने जास्त पडतंय ते घ्या.

समजा कॅपमध्ये मनासारखं लागलंच नाही. तरी एजंटकडे परत जायचं नाही. हिंगोलीतच सरकारी तंत्रनिकेतन आहे, बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, घरून जाऊनयेऊन होईल, दोन वर्षांनी तिला थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला बसता येतं. एक वर्ष जास्त जातं, पण तोवर हात चालायला लागतो, आणि डिप्लोमावरून आलेल्या मुली मशीनसमोर कधी घाबरत नाहीत हे मी लॅबच्या सरांकडून कितीदा ऐकलंय. ही फीसुद्धा त्याच निर्णयात येते.

अजून एक, हे कुणी सांगत नाही. पहिलं सेमिस्टर तिला फार जड जाईल. गणित एक, सगळं इंग्रजीत, मास्तर भराभर बोलतात, शहरातली पोरं हसतात. ती फोन करून रडेल, बहुतेक ऑक्टोबरात, म्हणेल आई मला नाही जमत, मी घरी येते. त्या दिवशी तुम्ही मालकांच्या हातात फोन देऊ नका. तिला म्हणा, शनिवारी ये, भाकरी खा, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत जा. एक विषय राहिला तर राहू दे, एटीकेटी असते, म्हणजे तो विषय मागे ठेवून पुढे जाता येतं, त्याने जग बुडत नाही, पूर्ण वर्ष मात्र वाया जाऊ द्यायचं नाही कारण मग त्या वर्षीची सवलत धोक्यात येते, आणि हजेरी भरायची, योजनांना हजेरी लागते. एआयसीटीईने पहिल्या वर्षाची पुस्तकं मराठीतही काढलीत, ई-कुंभ पोर्टलवर फुकट आहेत, तिला आत्ताच मोबाईलवर उतरवून ठेवायला सांगा, इंग्रजी पुस्तक आणि ते शेजारी शेजारी ठेवून वाचलं की पहिले दोन महिने निघतात.

बीएबद्दल मी वाईट बोलणार नाही, पण बारावी सायन्स करून, सीईटी देऊन, कॉम्प्युटर म्हणणाऱ्या मुलीला बीए करायला लावणं म्हणजे तिने सहावीपासून जे उराशी धरलंय ते काढून घेणं. दिरांना हे तुम्ही सांगू नका. ते मुलीबरोबर समितीच्या ऑफिसला जाऊ देत आधी.

उद्या सकाळी सेतूवर नॉन क्रीमी लेयर आणि उत्पन्नाचा अर्ज, दुपारी बँकेत सीडिंगचा फॉर्म, संध्याकाळी काकांकडे व्हॅलिडिटीची कॉपी. दोन्ही अर्जांच्या पावत्या एका पिशवीत, वर मुलीचं नाव लिहून. आणि कॅपच्या पहिल्या फेरीत काय लागलं ते मला कळवा, पर्याय भरायच्या आधी यादी पाठवलीत तर मी बघून देते.